न वाढणारा जंतू : अमरावतीचे तपोवन, परळची प्रयोगशाळा आणि कुष्ठाच्या जिवाणूचा शोध

१/ १९४६ मध्ये अमरावती शहराच्या कडेला एक वसाहत आकार घेऊ लागली. तिचे नाव तपोवन. ती उभारणारी संस्था विदर्भ महारोगी सेवा मंडळ आणि संस्थापक डॉ. शिवाजीराव पटवर्धन. वऱ्हाडात सारे त्यांना दाजीसाहेब म्हणत. घरातून, गावातून आणि पंगतीतून उठवल्या गेलेल्या माणसांना येथे पुन्हा घर मिळणार होते.

२/ तपोवनाच्या दारात उभ्या राहिलेल्या प्रत्येक रुग्णाच्या मनात तीन प्रश्न असणार. हा रोग कशाने झाला? तो आपल्या मुलाबाळांना होईल का? आणि आपण बरे होऊ का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर जगाला ७३ वर्षांपूर्वी सापडले होते. तिसऱ्याचे उत्तर नुकते कोठे दिसू लागले होते. दुसऱ्याबाबत शास्त्र चाचपडत होते आणि समाजाने मात्र निकाल देऊन टाकला होता.

३/ हा धागा त्या रोगाच्या जिवाणूचा आहे. त्याचे शास्त्रीय नाव मायकोबॅक्टेरियम लेप्री. मानवी रोगाशी जोडले गेलेले जे जंतू सर्वांत आधी ओळखले गेले, त्यांपैकी हा एक. तरीही प्रयोगशाळेतल्या काचपात्रात त्याला आजतागायत कोणी वाढवू शकलेले नाही. तो का वाढत नाही, या एका प्रश्नाने नॉर्वे, सातारा, परळ, पॅरिस आणि वऱ्हाड यांचा इतिहास एकत्र गुंफला आहे.

४/ आधी शब्दांविषयी. मराठीत या रोगाला महारोग, रक्तपिती, कुष्ठ अशी नावे होती. आज 'महारोगी' हा शब्द टाळून 'कुष्ठरुग्ण' किंवा 'कुष्ठबाधित' म्हणतात. सुश्रुतसंहितेत कुष्ठाचे वर्णन आहे आणि त्यावर तुवरक तेलाचा उपायही सांगितला आहे. मराठी मुलखात ज्याला कडू कवठ म्हणतात, त्या झाडाच्या बियांचे हे तेल. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील डॉक्टरही याच कुळातील तेलांच्या सुया टोचत असत. औषधाचा आधार जुना होता. कारणाचा पत्ता नव्हता.

५/ कारणाच्या शोधातला पहिला मोठा मराठी मुलखातील दुवा म्हणजे हेन्री व्हॅनडाइक कार्टर. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' हा ग्रंथ ठाऊक असतो. १८५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथातील चित्रे याच कार्टर यांनी काढलेली. त्याच वर्षी ते मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले आणि पुढे १८६३ ते १८७२ या काळात साताऱ्याचे सिव्हिल सर्जन होते.

६/ पश्चिम भारतातील कुष्ठरुग्णांची कार्टर यांनी बारकाईने पाहणी केली. शरीररचनेचा हा चित्रकार आता सुन्न पडलेली त्वचा आणि जाड झालेल्या नसा यांची चित्रे काढीत होता. त्या काळचे बहुतेक युरोपीय डॉक्टर हा रोग आनुवंशिक मानीत. १८७३ मध्ये कार्टर नॉर्वेला गेले. युरोपात कुष्ठरोग टिकून राहिलेल्या मोजक्या देशांपैकी तो एक होता आणि तेथील बर्गेन शहर हे या रोगाच्या अभ्यासाचे केंद्र होते.

७/ बर्गेनमध्ये त्याच वर्षी, २८ फेब्रुवारी १८७३ रोजी, गेरहार्ड आर्माउर हॅन्सन यांनी रुग्णाच्या गाठीतील द्रवात काडीसारख्या आकाराचे सूक्ष्म जीव पाहिले होते. त्यांचे वरिष्ठ आणि सासरे डॅनिएल डॅनिएल्सन हे रोग रक्तातून, कुळातून येतो या मताचे खंदे पुरस्कर्ते. जावयाने काचेखाली जे पाहिले, ते सासऱ्याच्या आयुष्यभराच्या सिद्धान्ताविरुद्ध जाणारे होते. कार्टर हॅन्सन यांना भेटले आणि रोग संसर्गजन्य आहे या मताकडे वळले.

८/ परंतु जंतू दिसणे वेगळे आणि तोच रोगाचे कारण आहे हे सिद्ध करणे वेगळे. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला. त्यांनी तो शरीराबाहेर वाढवला, प्राण्याला टोचला आणि रोग निर्माण करून दाखवला. जंतुशास्त्राची हीच कसोटी ठरली: वेगळा करा, वाढवा, टोचा, पुन्हा शोधा. कुष्ठाचा जंतू दुसऱ्याच पायरीवर अडला. रक्तजल, रस्सा, अंडी, बटाटा, काहीही दिले तरी तो वाढेना.

९/ या अडथळ्याने हॅन्सन यांच्याकडून एक अन्याय घडवला. जंतू नळीत वाढत नाही आणि प्राण्यात रुजत नाही, म्हणून १८७९ मध्ये त्यांनी रुग्णालयातील एका स्त्रीच्या डोळ्यात, तिची संमती न घेता, कुष्ठाच्या गाठीतील द्रव्य टोचले. प्रकरण न्यायालयात गेले. १८८० मध्ये हॅन्सन यांना रुग्णालयातील पद गमवावे लागले. रुग्णाच्या संमतीच्या इतिहासात हा खटला आजही सांगितला जातो. गुन्हेगार ठरला तो जंतूचा शोधकर्ताच.

१०/ शास्त्र अडून बसले होते त्या पोकळीत भीती शिरली. १८८९ मध्ये हवाई बेटांवर कुष्ठरुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन याच रोगाने वारले आणि साऱ्या युरोपात खळबळ माजली. लंडनमध्ये निधी उभा राहिला आणि १८९०-९१ मध्ये एक आयोग भारतभर फिरला. आयोगाने पाहणीअंती म्हटले की, संसर्गाने रोग पसरण्याचे प्रमाण अल्प आहे. ज्या समितीने आयोग पाठवला, तिच्या बहुसंख्य सदस्यांना हा निष्कर्ष पचला नाही.

११/ १८९८ मध्ये 'लेपर्स अ‍ॅक्ट' झाला. प्रांतिक सरकारे अधिसूचना काढून तो आपापल्या भागात लागू करू शकत. तो लागू झालेल्या ठिकाणी निराधार कुष्ठरुग्णाला वॉरंटाशिवाय पकडून आश्रमात डांबता येई. त्याला खाद्यपदार्थ बनवण्या-विकण्यास, सार्वजनिक विहिरीचे पाणी घेण्यास, भाड्याच्या गाडीत बसण्यास मनाई करता येई. त्यातून एकच वाहन वगळलेले होते: रेल्वे.

१२/ वऱ्हाडच्या नकाशावर हे कलम ठेवून पाहावे. भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा जातो आणि बडनेऱ्याहून अमरावतीचा फाटा फुटतो. कायद्याच्या दृष्टीने माणूस आगगाडीत चालतो. स्टेशनाबाहेरच्या टांग्यात चालत नाही! कायदा कोठे लागू होता, कोठे नव्हता. भीतीला मात्र अधिसूचनेची गरज नव्हती.

१३/ या भीतीला वऱ्हाडात पहिले उत्तर प्रयोगशाळेने दिले नाही. ते एका निरक्षर कीर्तनकाराने दिले. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर आजोळी, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी वाढले. पुढे जगाने त्यांना गाडगेबाबा म्हटले. हातात खराटा घेऊन गाव झाडणाऱ्या या माणसाच्या अन्नदानात आंधळ्या-पांगळ्यांबरोबर महारोग्यांचीही पंगत बसे. रोगाचे कारण काय याची चर्चा त्यांनी केली नाही. माणसाला पंगतीतून उठवायचे नाही, एवढेच त्यांनी करून दाखवले.

१४/ शेजारच्या वर्ध्यात विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्रामात कुष्ठाने ग्रासलेल्या परचुरे शास्त्रींना गांधीजींनी आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हाताने त्यांची शुश्रूषा केली. या वातावरणात, स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, अमरावतीत तपोवन उभे राहिले. १९५९ मध्ये दाजीसाहेबांना पद्मश्री मिळाली. परंतु तपोवनाचे महत्त्व त्या पदवीहून मोठे आहे.

१५/ तपोवन केवळ रुग्णालय नव्हते. तेथे शेती होती, कारखानदारी होती, संसार होते. बोटे वाकलेल्या हातांनीही काम होते आणि त्या कामाचे मोल मिळते, हे दिसणे आवश्यक होते. कारण कुष्ठरोगात माणूस दोनदा अपंग होतो. एकदा जंतू नसा निकामी करतो तेव्हा. आणि दुसऱ्यांदा गाव त्याच्या हातचे पाणी नाकारते तेव्हा.

१६/ याच काळात औषध बदलले. अमेरिकेतील कार्व्हिल येथे गाय फॅगेट यांनी १९४१ मध्ये सल्फोन गटातील औषध कुष्ठरुग्णांवर वापरून पाहिले आणि जखमा भरू लागल्या. लवकरच त्याच गटातील डॅप्सोन ही स्वस्त, तोंडाने घेण्याची गोळी हाती आली. कडू कवठाच्या तेलाच्या वेदनादायक सुया मागे पडल्या. दाजीसाहेबांच्या रुग्णांच्या तिसऱ्या प्रश्नाला, बरे होऊ का याला, प्रथमच आशादायक उत्तर मिळाले.

१७/ दुसरा प्रश्न मात्र अजून जंतूपाशीच अडला होता. तो वाढवता आला, तर त्याची लस करता येईल. लस झाली, तर मुलाबाळांचे भय संपेल. येथे कथा वऱ्हाडातून मुंबईच्या परळ भागात जाते. तेथे १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर, भारतीय विकृतिशास्त्राचे जनक मानले जाणारे संशोधक.

१८/ कर्करोगाच्या केंद्रात कुष्ठाचे काय काम? खानोलकरांना दोन्ही रोगांचा ध्यास होता. रुग्णाच्या त्वचेचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना त्यांनी दाखवून दिले की, अगदी सुरुवातीच्या अवस्थेतही हा जंतू त्वचेतील सूक्ष्म नसांमध्ये असतो आणि त्यांच्यातून पुढे सरकतो. कुष्ठ हा केवळ त्वचेचा रोग नव्हे, तो नसांचाही रोग आहे, हे त्यातून ठसठशीतपणे पुढे आले. मग साहजिक विचार सुचला: जंतूला नसा प्रिय असतील, तर त्याला नसांच्याच पेशींमध्ये वाढवून पाहावे.

१९/ त्यासाठी लागणारी विद्या त्यांच्या शिष्येकडे होती. डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात जन्म. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली आणि त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. १९५१ मध्ये जगप्रसिद्ध 'हीला' पेशी प्रथम वाढवल्या गेल्या, त्या याच गाय यांच्या प्रयोगशाळेत.

२०/ शरीराबाहेर पेशी जगवण्याचे, म्हणजे पेशीसंवर्धनाचे, हे तंत्र घेऊन रणदिवे परत आल्या आणि परळला त्यांनी तशी प्रयोगशाळा उभी केली. त्यांच्याबरोबर होते चिं. वि. बापट. त्यांनी मानवी गर्भातील, पाठकण्यालगतच्या चेतापेशींच्या गुच्छांचे संवर्धन वापरले आणि कुष्ठरुग्णाच्या गाठीतील जंतूंना त्यात ठेवले. १९५८ मध्ये रणदिवे, बापट आणि खानोलकर यांनी जाहीर केले: कुष्ठरुग्णाच्या शरीरातून घेतलेला जंतू वाढला आहे.

२१/ केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या जंतूला 'आयसीआरसी' जंतू असे नाव पडले. बातमी मोठी होती. पंच्याऐंशी वर्षे जगाला न जमलेली गोष्ट परळला साधली काय? पण याच टप्प्यावर शास्त्राची शिस्त सुरू होते. वाढलेला जंतू खरोखर कुष्ठाचाच आहे, की रुग्णाच्या त्वचेत वावरणारा त्याचा एखादा भाऊबंद?

२२/ इकडे जगात दुसऱ्या वाटा सापडत होत्या. १९६० मध्ये अमेरिकेत चार्ल्स शेपर्ड यांनी उंदराच्या तळपायात हा जंतू मर्यादित प्रमाणात वाढवला. उंदराचे पाय शरीराच्या मानाने थंड असतात, हे त्यामागचे मर्म. आतड्यातील सामान्य जिवाणू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात, क्षयाचा जंतू साधारण वीस तासांत. कुष्ठाच्या जंतूला त्यासाठी जवळपास तेरा दिवस लागतात, हेही त्यातून समजले. संसर्ग झाल्यावर लक्षणे दिसायला कित्येक वर्षे का लागतात, याचा उलगडा झाला.

२३/ १९७१ मध्ये किर्चहाइमर आणि स्टॉर्स यांनी आर्माडिलो या खवलेधारी, थंड अंगाच्या अमेरिकी प्राण्यात जंतू मुबलक वाढवून दाखवला. आता अभ्यासासाठी जंतूंचा साठा मिळू लागला. पण तोही जिवंत प्राण्याच्या शरीरातच. काचपात्र रितेच राहिले.

२४/ परळच्या जंतूचे पुढे काय झाले? त्याच संस्थेत डॉ. मधुकर नव्हे, डॉ. मा. ग. देव आणि बापट यांनी १९७९ च्या सुमारास गॅमा किरणांनी निष्प्रभ केलेल्या आयसीआरसी जंतूंपासून लस तयार केली. दरम्यान अधिक काटेकोर तपासण्यांत स्पष्ट झाले की, हा जंतू मायकोबॅक्टेरियम लेप्री नव्हेच. तो मायकोबॅक्टेरियम एव्हियम आणि इंट्रासेल्युलरे या जंतुगटातील, म्हणजे कुष्ठाच्या जंतूचा नातलग होता.

२५/ १९५८ चा दावा म्हणजे मग फसगत का? येथे इतिहास मोठा गमतीदार वळण घेतो. देवीच्या रोगाचा इतिहास आठवावा: एडवर्ड जेन्नर यांची लस देवीच्या विषाणूची नव्हती, ती गायीच्या फोडांतून आली होती. नातलग जंतू शरीराला खऱ्या शत्रूची ओळख पटवून देऊ शकतो. परळचा जंतू हे करतो का, हे माणसांतच तपासावे लागणार होते.

२६/ ती परीक्षा दक्षिण भारतात झाली. डॉ. मोहन गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली १९९१ पासून सुमारे १ लाख ७१ हजार स्वयंसेवकांना वेगवेगळ्या लसी किंवा निष्क्रिय द्रव टोचून त्यांच्यावर कित्येक वर्षे लक्ष ठेवले गेले. १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केवळ बीसीजी लशीने ३४.१ टक्के संरक्षण दिले. बीसीजी आणि मृत कुष्ठजंतू मिळून ६४ टक्के. आणि परळच्या आयसीआरसी लशीने ६५.५ टक्के.

२७/ ओळख चुकली होती. उपयोग खरा ठरला. तरीही ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात रुळली नाही. कारण तोवर दुसऱ्याच शस्त्राने लढाईचे चित्र पालटले होते. १९६४ मध्ये डॅप्सोनला दाद न देणारे जंतू सिद्ध झाले होते. एकट्या औषधावर विसंबणे धोक्याचे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्ये डॅप्सोन, रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमिन यांच्या संयुक्त उपचाराची, म्हणजे बहुविध औषधोपचाराची, शिफारस केली.

२८/ रिफाम्पिसिन महिन्यातून एकदाच देऊन भागते का, हा प्रश्न गरीब देशांसाठी जीवनमरणाचा होता, कारण औषध महाग होते. त्याविषयी १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आलेल्या महत्त्वाच्या अभ्यासाचे प्रमुख लेखक होते डॉ. शांताराम यावलकर. भारतात हा संयुक्त उपचार ज्या जिल्ह्यांत अगदी सुरुवातीला पोहोचला, त्यांत वर्धा होता. अमरावतीला लागून असलेला जिल्हा. तेथे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने डॉ. वर्देकरांच्या काळापासून सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार या त्रिसूत्रीचा पाया घातलेला होता.

२९/ आता मूळ प्रश्न: जंतू वाढत का नाही? त्याचे उत्तर रेणूंच्या पातळीवर शिरल्यावर मिळाले. ब्रिटिश जिवाणुशास्त्रज्ञ स्टुअर्ट कोल यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आपली कारकीर्द रोगकारक जिवाणूंच्या जनुकांसाठी वाहिली. १९९८ मध्ये त्यांच्या आणि इंग्लंडच्या सँगर केंद्राच्या गटाने क्षयाच्या जंतूचा संपूर्ण जनुकसंच वाचला: सुमारे ४४ लाख अक्षरे, जवळपास ४,००० जनुके.

३०/ फेब्रुवारी २००१ मध्ये कुष्ठाच्या जंतूची पाळी आली. वाचलेला वाण भारतातला, तामिळनाडूतील रुग्णाकडून मिळालेला आणि आर्माडिलोत वाढवलेला. त्याच्या जनुकसंचात ३२,६८,२०३ अक्षरे निघाली. प्रथिने बनवणारी चालू जनुके केवळ १,६०४. आणि १,११६ जनुके मोडलेली, निकामी. अर्ध्याहून कमी जनुकसंच कामाचा उरला होता.

३१/ वऱ्हाडातला एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणावा. स्वयंपाकघराचे छप्पर खचलेले, विहीर बुजलेली, धान्याचे कोठार कोसळलेले. भिंतींच्या खुणांवरून कोठे काय होते ते कळते. वापरता मात्र येत नाही. असे घर असलेला माणूस दुसऱ्याच्या घरी आश्रितासारखाच राहणार. कुष्ठाचा जंतू हा असा आश्रित आहे. मानवी पेशीत सारे काही आयते मिळत गेले आणि स्वतःचे अन्न घडवण्याची, ऊर्जा मिळवण्याची जनुके पिढ्यान्‌पिढ्या गळून पडली.

३२/ सव्वाशे वर्षे संशोधकांनी पोषक द्रव्ये बदलून पाहिली, पण दोष अन्नात नव्हता. रणदिवे आणि बापट यांनी मज्जेच्या पेशींचा आधार घेतला, ही दिशा योग्यच होती; जंतू एवढा परावलंबी असेल, हे तेव्हाच्या साधनांनी कळणे शक्य नव्हते. ज्याच्या नावापुढे आपण 'महा' लावला, तो रोगजंतूंमधला सर्वांत दुबळ्यांपैकी एक निघाला. सुमारे ९५ टक्के माणसांचे शरीर त्याला स्वतःच परतवून लावते.

३३/ जनुकांनी इतिहासही सांगितला. २००५ मध्ये याच गटाने जगभरातील वाण ताडून पाहिले. त्यांच्यातील फरक आश्चर्य वाटावे इतके थोडे होते. म्हणजे एकच वंश माणसांबरोबर व्यापारमार्गांनी आणि स्थलांतरांनी पसरत गेला. आणि २००९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या अभ्यासात राजस्थानातील बालाथल येथील, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या सांगाड्यावर कुष्ठाच्या खुणा ओळखल्या गेल्या. उपखंडाची या रोगाशी ओळख किती जुनी, याचा हा हाडामांसाचा नव्हे, हाडांचाच पुरावा.

३४/ डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर रोगाचे प्रमाण दहा हजारांमागे एकाहून कमी झाले आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. 'निर्मूलन' या शब्दाने अनेकांची दिशाभूल झाली. आजही देशात दरवर्षी एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण आढळतात, जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक.

३५/ कायदा तर जंतूपेक्षाही हट्टी निघाला. संयुक्त उपचार आल्यावर पस्तीस वर्षांनी, २०१६ मध्ये, १८९८ चा कायदा रद्द झाला. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी कलमे २०१९ मध्ये वगळली गेली. तेरा दिवसांत एकाचे दोन होणाऱ्या जंतूला आपण संथ म्हणतो!

३६/ तपोवनाच्या दारातल्या तीन प्रश्नांना आज पूर्ण उत्तरे आहेत. हा रोग पापाने किंवा कुळाने येत नाही, एका परावलंबी जिवाणूमुळे होतो. तो सहजासहजी लागत नाही, आणि उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून संसर्गाचा धोका लवकरच संपतो. सहा महिने ते एक वर्ष औषध घेतले की माणूस बरा होतो, आणि हे औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते, अमरावतीत आणि अकोल्यातही.

३७/ अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आणि त्यावर स्पर्श न कळणे, ही या रोगाची पहिली खूण. नस निकामी होण्याआधी ती ओळखली, तर बोटे वाकत नाहीत. १९४६ मध्ये ही उत्तरे नसतानाही अमरावतीत काही माणसांनी महारोग्याच्या शेजारी बसून जेवण्याचे धैर्य दाखवले होते. पुढच्या साठ वर्षांच्या शास्त्राने एवढेच सिद्ध केले की, त्यांचे बरोबर होते.